आधी येऊन गेलेला

१

खोली तपासायला मास्तरला चार मिनिटं लागत. आधी न्हाणीघर, मग कपाट, मग पलंगाखाली बॅटरी, शेवटी खिडकी. पडदा ओढताना तो चार बोटांची फट ठेवायचा, म्हणजे आतल्याला बाहेरचं दिसावं आणि बाहेरच्याला आतलं काही कळू नये. आरसा खिडकीसमोर असेल तर त्यावर टॉवेल टाकायचा. मग खोलीतली एक खुर्ची उचलून बाहेर बोळात न्यायची, दाराला पाठ लावून ठेवायची. एवढं झालं की तो साहेबांकडे बघून म्हणायचा, "या आता."

बारा वर्षं त्याचं हेच काम होतं. मोठ्या कंपन्यांचे साहेब धंद्यासाठी परक्या, बेभरवशाच्या मुलखात जातात. त्यांच्या केसाला धक्का न लागता त्यांना घरी आणून सोडायचं. शाळा सातवीतच सुटलेली, पण धंद्यातले सगळे त्याला मास्तरच म्हणत. कारण प्रत्येक नव्या साहेबाला तो पहिल्या दिवशी समोर बसवायचा आणि पाच गोष्टी घोटून घ्यायचा. भल्याभल्यांना पाठ म्हणायला लावायचा.

या वेळचे साहेब पाईपच्या व्हॉल्व्हच्या कारखान्याचे मालक होते. साठीला टेकलेले, अंगानं भरलेले, बोलघेवडे. तेलाच्या पट्ट्यात एका कंपनीशी मोठा करार व्हायचा होता. तिथून दोन महिन्यांपूर्वी दोन इंजिनिअर उचलले गेले होते. एक परत आला. दुसऱ्याचं काय झालं ते कुणाला कळलं नाही.

मास्तरनं साहेबांच्या घरीच, दिवाणखान्यात धडा घेतला.

"पहिली गोष्ट. माझा हात तुमच्या डाव्या खांद्यावर पडला की निघायचं. का, कुठे, कशाला, काही विचारायचं नाही. माझ्या तोंडाकडे बघायचं नाही. मान वळवण्यात एक क्षण जातो, आणि तेवढा क्षण पुष्कळ असतो."

"हातातला चहा?" साहेबांनी विचारलं.

"सांडू द्या."

"बायकोनं हात ठेवला तर?"

"तीस वर्षांत माझ्या हाकेला उठला नाहीत," आतून बाईसाहेब म्हणाल्या, "हाताला काय उठणार आहात!"

साहेब खो खो हसले. मास्तरही हसला, पण त्यानं दिवाणखान्यात वीस वेळा सराव करून घेतला. विसाव्या वेळी साहेब वर्तमानपत्र वाचता वाचता उठले आणि दाराकडे चालू लागले, मागे न बघता. बारा वर्षांत इतका चांगला विद्यार्थी त्याला मिळाला नव्हता.

निघताना बाईसाहेब फाटकापर्यंत आल्या. हसणं संपलं होतं. "जसे नेताय तसे आणा," त्या म्हणाल्या. "मला दुसरं काही सांगायचं नाही."

"आणतो," मास्तर म्हणाला. हा शब्द तो सहसा कुणाला देत नसे.

२

अशा दौऱ्यावर एक माणूस आदल्या दिवशी जाऊन सगळ्या जागा बघून ठेवतो. धंद्यात त्याला नुसतंच 'पुढचा' म्हणतात. या खेपेला पुढचा नव्हता. कचेरीनं मास्तरला एकट्यालाच पाठवलं होतं. तीन दिवसांचं तर काम, म्हणे.

विमानतळावर ठरलेली गाडी उभी होती. जाड काचांची, जड दारांची. ड्रायव्हरकाका पिकल्या मिशांचे, तोंडाचा पट्टा चालू. रस्ताभर पाईपलाईन गाडीसोबत धावत होत्या. लांब कुठेतरी उंच नळीच्या टोकाला गॅस जळत होता, भर दुपारी, उन्हात पांढरट दिसणारी ज्योत.

"ती कधी विझत नाही का हो?" साहेबांनी विचारलं.

"विझली तर आम्ही पळायचं," काका म्हणाले. "जळतेय तोवर ठीक."

विश्रामगृह स्वच्छ होतं, दुमजली. व्यवस्थापक किल्ली घेऊन पुढे आला. मास्तरनं हात पुढे केला. "साहेब खाली बसतील. मी खोली बघून घेतो."

"परत?" व्यवस्थापक म्हणाला. "तुमचा माणूस काल बघून गेला की."

"कोणता माणूस?"

"तुमचाच. म्हणाला... नाही, म्हणाला काहीच नाही. किल्ली मागितली हातानंच. आम्हाला सवय आहे, तुम्ही लोक बोलत नाही."

मास्तर वर गेला. दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबला.

पडदा ओढलेला होता. फट चार बोटांची. त्यानं जवळ जाऊन बोटं लावून बघितली. आरशावर टॉवेल. न्हाणीघराचं दार अर्धं उघडं, तो ठेवतो तसंच, बिजागरीकडच्या फटीतून आत दिसेल असं. ही पद्धत त्याची त्यानं बसवलेली होती. कुठल्या शिबिरात शिकवत नाहीत. त्यानं कुणाला शिकवलीही नव्हती.

एकच गोष्ट वेगळी होती. खुर्ची बोळात नव्हती. ती आत होती, दाराला लागून, आणि तिचं तोंड पलंगाकडे होतं.

त्यानं कचेरीत कंट्रोल रूमवर बसणाऱ्या दोस्ताला फोन लावला. "पुढचा पाठवलाय का तुम्ही?"

"पैसे कोण देणार, तुझे सासरे?"

"थट्टा नको. इथे कुणीतरी खोली तपासून गेलंय."

"मग बरंच झालं की. तुझी चार मिनिटं वाचली." दोस्त हसला, मग जरा थांबून म्हणाला, "यजमान कंपनीचा असेल रे. त्यांचेही पहारेकरी असतात. झोप काढ."

असेल. पहारेकऱ्यांच्या पद्धती सारख्याच असणार. माणसाला खिडकीतून बघण्याचे मार्ग असून असून किती असणार? मास्तरनं स्वतःला असं समजावलं, खुर्ची उचलून बोळात ठेवली आणि खाली जाऊन साहेबांना म्हणाला, "या आता."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला यजमान कंपनीच्या कचेरीत बैठक होती. स्वागतकक्षातल्या मुलीनं पाहुण्यांचे बिल्ले तयार ठेवले होते. मास्तरला बघून तिनं भुवया उंचावल्या.

"तुम्ही मघाशी बिल्ला परत नाही केलात."

"मी आत्ताच येतोय."

"मग तुमच्यातले दुसरे असतील. सातला आले होते. बैठकीची खोली बघायला."

"दिसायला कसे होते?"

तिनं आठवायचा प्रयत्न केला. अगदी मनापासून केला, डोळे बारीक करून. "राखाडी शर्ट. कानात ते यंत्र, तुमच्यासारखं. आणि..." ती ओशाळून हसली. "खरं सांगू? तुम्हा लोकांच्या चेहऱ्याकडे कुणी बघतं का?"

मास्तरला त्यात अपमान वाटला नाही. चेहरा लक्षात राहू नये हीच त्यांच्या कामाची खूण. तरीही त्यानं नकळत आपल्या राखाडी शर्टाची कॉलर नीट केली.

बैठकीची खोली तिसऱ्या मजल्यावर. लांब टेबल, भोवती अठरा खुर्च्या. साहेबांच्या नावाची पाटी मधल्या जागेवरून उचलून कोपऱ्यातल्या जागेवर ठेवली होती, मागे भिंत येईल अशी. मास्तरनंही हेच केलं असतं. आणि त्या खुर्चीच्या मागे, भिंतीला लागून, एक जादा खुर्ची होती. दोन्हींत वीतभर अंतर. मागे बसलेल्यानं नुसता हात उचलला तरी पुढच्याच्या खांद्यावर पडेल एवढंच.

त्यानं जादा खुर्ची हलवली. बैठक साडेतीन तास चालली. तो दाराशी उभा राहिला आणि खोलीतल्या प्रत्येक माणसाचे हात बघत राहिला. बैठक चांगली झाली. साहेबांनी दोनदा सगळ्यांना हसवलं.

काल एक दिवस आधी. आज दोन तास आधी. मास्तरच्या डोक्यात हा हिशेब आपोआप झाला. तो पुसून टाकायचा त्यानं प्रयत्न केला.

४

दुपारचं जेवण कंपनीच्या क्लबात होतं. तिथला वेटर म्हणाला, "अर्ध्या तासापूर्वी तुमचे साहेब... म्हणजे तुमचा तो, बघून गेला ना टेबल."

मास्तरच्या डोक्यात हिशेब पुढे सरकला. एक दिवस, दोन तास, आणि आता अर्धा तास.

जेवणानंतर साहेब हात धुवायला गेले. मास्तरनं प्रसाधनगृह आधी बघून घेतलं. एकच दार, खिडकी नाही, वर हवेची जाळी, तीतून मांजरसुद्धा जाणार नाही. साहेबांना आत सोडून तो दाराला पाठ लावून उभा राहिला. नळ चालू झाला. बंद झाला. आणि दार उघडून साहेब तरातरा बाहेर आले, ओल्या हातांनी, समोर बघत, सरळ चालत. त्याला ओलांडून पुढे निघाले.

"साहेब!"

ते थांबले नाहीत. तो धावत पुढे झाला, तेव्हा त्याच्याकडे बघून त्यांचा चेहरा खुलला. "पास की नापास?"

"काय झालं?"

"म्हणजे काय? हात ठेवलात, मी निघालो. वळून बघितलं नाही. रुमालसुद्धा काढला नाही." त्यांनी ओले हात लहान मुलासारखे पुढे धरले. "पण तुमचा हात फार गार हो, मास्तर. शर्टातून लागला."

मास्तर आत जाऊन आला. तीन बेसिनं, दोन संडास, एक आरसा. आरशात तो एकटाच. नळाचा एक थेंब पडायच्या बेतात लोंबत होता आणि पडत नव्हता. त्याचा भाऊ म्हणायचा, तू झोप कमी घेतोस, एक दिवस डोकं फिरेल. त्याला क्षणभर वाटलं, तसं असेल तर फार बरं होईल.

५

गाडीत काका होते म्हणून तो बोलला नाही. खोलीवर आल्यावर दार लावून, आवाज खाली घेऊन त्यानं साहेबांना सांगितलं. पूर्ण नाही, पूर्ण काय होतं ते त्यालाच माहीत नव्हतं. एवढंच म्हणाला की माझ्या पुढे कुणीतरी फिरतंय, आणि आपण आजच परत जाऊ.

साहेबांनी चष्मा काढला. "विमान रोज एकच ना? संध्याकाळी सहाचं?"

"हो. तासाभरात निघालो तर आजचं मिळेल."

"आणि उद्याच्या सह्या? मास्तर, कारखाना सहा महिन्यांपासून बंद पडायला टेकलाय. चारशे घरं आहेत त्यावर. बायकोला ठाऊक नाही." ते कितीतरी वेळानं असे गंभीर बोलले. "उद्या प्लांट बघायचा, बारा वाजता सह्या, सहाला विमान. एवढं मला न्या."

त्यांना उचलून तर नेता येत नव्हतं. रक्षकाला दार लावता येतं, माणसाचं मन वळवता येत नाही.

"बरं," मास्तर म्हणाला. "मग हाताची खूण रद्द. खांद्यावर हात पडला तरी हलायचं नाही. मी तोंडानं एक शब्द बोलेन, तो ऐकल्यावरच निघायचं. शब्द तुम्ही सांगा."

साहेबांच्या डोळ्यांत मिस्कीलपणा परत आला. "शाळेचाच ठेवू. गुणाकार."

"गुणाकार."

दोघं अगदी हळू बोलले होते. मास्तर बाहेर बसायला खुर्ची घ्यायला वळला. सकाळी निघताना ती त्यानं बोळातच ठेवली होती. आता ती आत होती, कपाटाच्या आडोशाला, पलंगाकडे तोंड करून. साफसफाईवाल्यानं आत आणली असेल. त्यानं खाली जाऊन विचारलंही. व्यवस्थापक म्हणाला, "आज वर कुणी झाडलंच नाही अजून. तुमचा माणूस होता ना वर."

६

प्लांट शहरापासून तासभर लांब. टाक्या, पाईप, शिट्या, आणि सगळ्यावर पसरलेला तो सडका गोडसर वास. फाटकावरच्यानं अडसर उचलता उचलता विचारलं, "दोन गाड्यांनी का आलात?"

"एकच गाडी आहे."

"हां, तो चालतच आला. आत्ताच गेला आत. तुमची गाडी वळताना दिसली ना, तेव्हाच." त्यानं समोरच्या इमारतीकडे बोट केलं. "तो बघा, दार अजून हलतंय."

काचेचं दार खरंच हलत होतं. हलत हलत मिटलं.

इथे मास्तरनं ती चूक केली. पुढे कित्येकदा त्यानं ती तपासून पाहिली, आणि दर वेळी ती त्याला शहाणपणासारखीच दिसली. दोन दिवस तो सगळीकडे उशिरा पोचत होता. आज पहिल्यांदा तो माणूस हाताच्या अंतरावर होता, एका दाराच्या इमारतीत. साहेब जाड काचांच्या गाडीत होते, आतून कुलूप, पुढे काका. एकदाचं त्याचं तोंड बघू, मास्तरला वाटलं. एकदा बघितलं की भीती मोडेल.

"साहेब, मी येईपर्यंत उतरायचं नाही."

"आणि शब्द?"

"तो मी बोलेन तेव्हाच."

"जा हो. मी इथे काकांच्या सुनेची गाऱ्हाणी ऐकतो." साहेबांनी हात हलवला.

आत लांब बोळ होता. दोन्ही बाजूंना खोल्या, सगळ्यांची दारं अर्धी उघडी, बिजागरीकडच्या फटीतून आत दिसेल अशी. मास्तर एकेक खोली बघत गेला. न्हाणीघर नव्हतं, पलंग नव्हते, तरी तो त्याच क्रमानं बघत गेला; पायांना दुसरा क्रम ठाऊक नव्हता. प्रत्येक पडद्याला फट. पुढे कुठेतरी पावलं वाजत होती. तो थांबला की ती थांबत.

जिना. वरचा मजला. शेवटची खोली सह्यांची. टेबलावर कागद, पेनं, पाण्याचे पेले. एकच खुर्ची, खिडकीशी, तिचं तोंड बाहेर. तिच्या गादीवर बसल्याचा खळगा हळूहळू भरून येत होता.

खिडकीतून अंगण दिसत होतं. गाडी दिसत होती. गाडीचं मागचं दार उघडं होतं.

साहेब उतरले होते. त्यांच्या डाव्या खांद्याला लागून राखाडी शर्टाचा एक माणूस चालत होता. पाठमोरा. रुंद खांदे, आखूड केस, उजवा पाय जरासा फेकायची लकब. मास्तरनं स्वतःला पाठीमागून चालताना कधी बघितलं नव्हतं. कुणीच बघत नाही. म्हणून त्याला खात्रीनं काही म्हणता येईना.

त्यानं काचेवर मुठी मारल्या. प्लांटमधल्या खिडक्या उघडत नाहीत. स्फोट झाला तरी फुटू नयेत अशा बसवलेल्या असतात. आवाज त्याच्याच कानात राहिला.

खाली येईपर्यंत अंगण रिकामं होतं. काका गाडीला टेकून उभे होते. मास्तरला बघून त्यांच्या हातातली बाटली निसटली.

"साहेब कुठे?"

"अहो, तुम्हीच तर... आत्ता... काचेवर टकटक केलीत. ते पाढ्यांतलं काहीतरी बोललात. गुणाकार. साहेब हसले, म्हणाले, आला आमचा मास्तर."

मास्तर टाक्यांमागच्या वाटेला धावला. दोन्ही बाजूंनी पाईपांच्या ओळी, मधून सरळ वाट, तिच्या टोकाशी उन्हाचं पाणी थरथरत होतं. त्यात ते दोघे दिसले. फार लांब नव्हते. तो जीव खाऊन ओरडला, "साहेब! साहेब, थांबा!"

साहेबांचा वेग वाढला.

तो परत ओरडला. त्यांच्या घरातल्यांनी हाक मारावी तसं त्यांचं नाव घेऊन ओरडला. साठीचा, भरल्या अंगाचा तो माणूस जवळजवळ पळायला लागला. मग मास्तरला आठवलं. पाच गोष्टींतली चौथी त्याचीच: मागून कुणी कितीही ओळखीच्या आवाजात हाक मारली तरी थांबायचं नाही, पाय उचलायचे. साहेबांनी ती एकदाच ऐकली होती आणि पाठ म्हणून दाखवली होती.

त्यानं तोंड मिटलं. नुसता धावत राहिला. पण त्या हाकांनी जेवढं अंतर पडायचं ते पडलं होतं. टोकाच्या टाकीला वळसा घालून ते दिसेनासे झाले. तो तिथे पोचला तेव्हा पुढे कुंपण होतं, बारा फुटांचं, अखंड. कुंपणापलीकडे मोकळं रान, आणि त्या रानात काही नव्हतं.

७

तीन तास शोध चालला. भोंगे वाजले, प्लांटमधल्या सगळ्यांची मोजणी झाली, टाक्यांची झाकणं उघडून बघितली. पोलीस आले, त्यांनी मास्तरला एका खोलीत बसवून तेच तेच विचारलं. तुम्ही साहेबांना घेऊन कुठे गेलात? काका सांगतात, फाटकावरचा सांगतो, तुम्हीच नेलंत. राखाडी शर्ट त्याच्याच अंगावर होता.

साडेतीनला कंट्रोलवरच्या दोस्ताचा फोन आला. या वेळी तो हसला नाही. "घरी तू कळव," तो म्हणाला. "तुझ्याच तोंडून कळलेलं बरं."

मास्तरनं बाईसाहेबांचा नंबर लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. पहिल्याच घंटेला त्यांनी उचलला.

"मॅडम, मी मास्तर बोलतोय."

"अगंबाई, वरून फोन करताय? हाक मारायची की!"

"कुठून... वरून?"

"अहो, आत्ता तर जिना चढून गेलात." त्या मजेत होत्या, सुटल्यासारख्या बोलत होत्या. "मी म्हटलं, घर आमचं आहे हो, इथे काय तपासायचं? पण तुम्ही आपले हातानं खूण करून निघालात. बघा बाई, म्हटलं. जसे नेलेत तसे आणलेत, आता काय वाटेल ते बघा."

समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात तीन चौतीस झाले होते. दिवसाचं एकच विमान सहाला सुटायचं होतं, आणि त्याला पोचायला दोन तास लागत.

"साहेब आहेत तिथे?"

"हे काय समोर बसलेत. फार दमवलंत का हो? आल्यापासून एक शब्द नाही. बसा म्हटलं तर बसेनात, उभेच. तुम्ही खांद्यावर हात ठेवलात तेव्हा बसले." त्यांचा आवाज जरा उतरला. "हसत नाहीयेत. अहो, इकडे बघा ना... बघतच नाहीत माझ्याकडे."

"मॅडम, नीट ऐका. मी तिथे नाही. मी इथेच आहे, प्लांटवर. माझ्यासोबत पोलीस आहेत. घरात आणखी कोण आहे?"

"लेक आहे. परीक्षा आहे तिची, वर झोपली..."

त्या थांबल्या. तिकडचा पंखा त्याला ऐकू येत होता.

"मग वर कोण गेलं?" बाईसाहेब म्हणाल्या.

"लेकीला हाक मारा. तिला घेऊन रस्त्यावर या. शेजाऱ्यांकडे जा, कुठेही जा. मी लाईनवर आहे, फोन ठेवू नका."

त्यांनी हाक मारली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा चिरक्या आवाजात. वर एक दार उघडल्याचं मास्तरला ऐकू आलं. मग आणखी एक. मग जिन्यावर पावलं.

"आली," त्यांनी श्वास सोडला. "येतेय खाली. काय गं, ऐकू येत नाही का तुला? ...मास्तर, ती माझ्याकडे बघत नाहीये. समोर बघून चालतेय. तिच्या मागे..."

"मॅडम, पळा. एकट्या पळा!"

"हे उठले," त्या म्हणाल्या, अगदी हळू.

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. आपटून नाही, जपून. मग पावलं सुरू झाली. साहेबांची जड, लेकीची हलकी, बाईसाहेबांच्या चपलांची. तिघांची एका तालात, वीस वेळा सराव केल्यासारखी. ती दिवाणखाना ओलांडून दाराकडे गेली. दार उघडलं. पावलं बाहेर उतरली आणि कमी कमी होत गेली.

मास्तर खुर्चीतून उठला होता. पोलिसानं त्याला खाली बसवलं. तो ओरडत होता की पत्ता घ्या, कुणाला तरी पाठवा, आणि पोलीस त्याला शांत व्हायला सांगत होता, आधी सगळं क्रमानं सांगा म्हणत होता.

फोनमध्ये चौथी पावलं होती. ती तिघांच्या मागून दारापर्यंत गेली आणि थांबली. दार आतून लागलं. मग ती वळली, उजवा पाय जरासा फेकत, आणि सावकाश टेबलाकडे येऊ लागली.

मास्तरला फोन कानापासून काढता आला नाही.